रामा रंगाची गाडी

अमेरिकेत मोटारींची एक शर्यत असते. चाळीसेक मोटारी एका गोल रस्त्यावर सोडतात आणि त्या तीन-चार तास नुसत्या डावीकडे वळत राहतात. जिथून निघाल्या तिथेच येऊन थांबतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मुलाला विचारलं, मग हे लोक निघतातच कशाला? तो म्हणाला, माय, लूमसुद्धा तसाच एका जागी चालतो. मी म्हटलं, लुमातून कापड तरी निघतं.

शर्यतीबद्दल मला याहून जास्त माहिती नाही. त्या मोटारींच्या अंगावर कंपन्यांची नावं, आकडे आणि रंगाचे पट्टे असतात. रिक्षाच्या पाठीवर काही ना काही रंगवलेलं असतं तसं, पण एक इंच जागा मोकळी सोडत नाहीत. माझा धाकटा मुलगा ते रंगकाम टीव्हीवरच्या एका खेळात करायचा. खऱ्या मोटारीसारखं हुबेहूब. नवागामातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, मी खाली बसून साड्यांना खडे चिकटवत असायची आणि तो माझ्या डोक्यावरून टीव्हीकडे बघत अमेरिकेच्या मोटारी रंगवत असायचा.

आम्ही धुळ्याकडचे, पोटासाठी या कापडाच्या शहरात आलेले. नवरा उधन्याला लुमावर होता, तो गेला. थोरला कडोदऱ्याला वेगळा राहतो, त्याचा इथे संबंध नाही. मी चौथी शिकले. बाकीचं आयुष्य खडे आणि टिकल्या चिकटवण्यात गेलं. ठेकेदार गठडी आणून टाकतो, गठडीवर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर रंग लिहिलेला असतो. रानी, गाजरी, चीकू, रामा, मेहंदी. आमच्यासारख्या बायकांना रंग ओळखता आलाच पाहिजे, नाहीतर सोनेरी खडा चंदेरी साडीवर बसतो आणि सगळी गठडी परत येते.

धाकटा रिंग रोडच्या बाजूला एका डिझाइन स्टुडिओत कामाला होता. कॉम्प्युटरवर साडीचं डिझाइन करायचा. त्याचं काम कसं असायचं ते मला माहीत आहे, कारण रोज जेवताना तेच ऐकलं. शेठ बाजारातून दुसऱ्या कोणाची चालणारी साडी आणून टेबलावर टाकणार आणि म्हणणार, सेम टु सेम, थोडा फेर कर. मग हा फुलाचं पान उलटं करणार, काठातला मोर काढून हत्ती घालणार, रंग बदलणार. रंग बदलला की डिझाइन नवीन. कॅटलॉगवर शेठचं नाव. सगळ्या बाजाराची हीच पद्धत आहे आणि तिच्यावर कोणी तोंड वाकडं केलेलं मी ऐकलं नाही.

मग त्याचे डोळे बिघडले. आधी संध्याकाळी गल्लीतल्या उभ्या मोटरसायकलींवर आदळायला लागला. सुनेला वाटलं प्यायला लागलाय. तिने तोंडाचा वास घेऊन पाहिला. वास नव्हता. मग डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा आतला पडदा सुकतोय, कडेकडून आत सुकत येणार, औषध नाही, ऑपरेशन नाही. सुनेने विचारलं, चष्मा? डॉक्टर नाही म्हणाले. लुमाच्या रिकाम्या बॉबिनला डोळा लावला तर जेवढं दिसतं तेवढं त्याला दिसत होतं. समोरचं बारीक अक्षर वाचायचा आणि पायाजवळची बादली लाथाडायचा. परक्या माणसाला ते नाटक वाटायचं.

पुढे रंगही जायला लागले. निळा आणि हिरवा त्याला एकच दिसू लागला. एक दिवस स्टुडिओतून गेलेल्या डिझाइनवर अख्खा लॉट हिरव्याच्या जागी निळा छापून आला. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने ओरडाआरड केली नाही, चहा पाजला आणि घरी बस म्हणाला.

घरी बसला. वराछ्याचा एक मित्र हिरे घासायचा, तो गावी जाताना त्याचं खेळाचं जुनं मशीन याला देऊन गेला होता. ते आमच्या टीव्हीला जोडलं. टीव्हीचीही तऱ्हाच होती. त्याच्यात काय बिघडलं होतं कोणास ठाऊक, पण सगळं हिरवट दिसायचं. मालिकेतली नवरी हिरवी, बातम्या देणारा हिरवा. आम्हाला सवय झाली होती. बघता बघता मनातल्या मनात हिरवा वजा करायचा.

त्या खेळात मोटार पळवण्यापेक्षा तिला रंगवण्यात त्याला गोडी लागली. मी बसल्या बसल्या बघून शिकले, कसं असतं ते. खेळ आपल्याला कोरी मोटार देतो आणि थोडे आकार देतो. गोल, चौकोन, त्रिकोण, काठी, चंद्रकोर. बाकी काही नाही. कंपनीचं नाव लिहायचं तर तयार नाव नसतं, अक्षर अन् अक्षर या तुकड्यांतून जोडायचं. गोलावर मोटारीच्या रंगाचा लहान गोल ठेवला की कडं उरतं. कड्याचा एक तुकडा झाकला की अक्षर होतं. किती तुकडे लावायचे याला मर्यादा असते, म्हणून काटकसर करायची. एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला आरशासारखं उलटं उमटवता येतं, पण मग अक्षरंही उलटी होतात, ती परत सरळ करत बसायची. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्या दिवसांत मी इंग्रजी अक्षरं अशी ओळखायला लागले. हे एका काठीचं आणि दोन पोटांचं. हे दोन काठ्या आणि मधे आडवी. हे बिनकाठीचं, नुसता गोल.

तो म्हणायचा, बॉनेट म्हणजे पदर समज, बाजू म्हणजे काठ, छत म्हणजे बॉडी, साडीचं मधलं अंग. हातातलं काम सुटत नाही माणसाच्या. तेही पुंगळीएवढ्या नजरेतून. एका वेळी त्याला मोटारीचा वीतभर भागच दिसायचा. अख्खी मोटार कशी दिसते ते तो मला विचारायचा. मी सांगायची, बरी आहे, किंवा, मागचं चाक उघडं वाटतंय.

सुनेला हे अजिबात पटत नव्हतं. ती डिंडोलीकडे साडीच्या गोडाऊनमध्ये घडी-पॅकिंगला जाते. दिवसभर उभी. तिचं म्हणणं, उरलेली नजर टीव्ही खातोय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की टीव्ही बघा नाहीतर भिंत बघा, पडदा सुकायचा तसा सुकणार. पण ते तिला पटायचं नाही. तिचं दुसरं म्हणणं मात्र खरं होतं. शहरात आंधळ्यांना काम शिकवणारी एक संस्था आहे. काठी घेऊन चालायला शिकवतात, हाताने चाचपून करायची कामं शिकवतात. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, थोडं दिसतंय तोवर या, नंतर शिकणं जड जातं. सून म्हणत होती, उद्या चल. हा म्हणत होता, गाडी झाल्यावर.

ती गाडी कोणती ते सांगते. फोनवर त्याचा एक गट होता. सगळे परदेशातले, एकमेकांची तोंडं न पाहिलेले. त्यांनी ठरवलं होतं की फार पूर्वीच्या एका सालच्या शर्यतीत जेवढ्या मोटारी पळाल्या तेवढ्या सगळ्या या खेळात हुबेहूब रंगवायच्या आणि एका दिवशी सगळ्यांसमोर ठेवायच्या. प्रत्येक मोटारीखाली ज्याने रंगवली त्याचं नाव येणार. चांगल्या चांगल्या जिंकणाऱ्या मोटारी लोकांनी आधीच उचलल्या. एक उरली होती, जी कधी जिंकली नाही, बहुतेक वेळा शेवटची आली आणि ज्यांनी ती पळवली त्यांनाही दोन-तीन वर्षांत घरी बसावं लागलं. तिचे फोटोही धड मिळत नव्हते. ती याने घेतली.

सुनेने एकदा टीव्हीचं बटण बंद करून त्याला समोरासमोर विचारलं होतं, काय मिळणार आहे यातून. तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, मग? तेव्हा तो बोलला ते मी तसंच लिहिते. म्हणाला, "रिंग रोडवर उभी राहा. माझी डिझाइनं नेसून बायका जाताना दिसतील. एकीवर तरी माझं नाव आहे का? या गाडीखाली येईल. दिसतंय तोवर एक तरी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती कामाला जाताना खेळाचा रिमोट लपवून गेली. तो सकाळभर खोली चाचपत राहिला. कॉटखाली, देवाच्या फळीवर, पाण्याच्या माठामागे. मी बघत होते. मला माहीत होतं कुठे आहे, तिने माझ्यासमोरच ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला होता. दुपारी मला त्याचं चाचपणं बघवेना म्हणा किंवा त्याच्या पायांनी माझे खडे सांडले म्हणून म्हणा, मी उठून काढून दिला. बटणांत पीठ गेलं होतं. एक बटण त्यानंतर दाबलं की दाबलेलंच राहायचं, आणि मोटारीवरचा गोल आपोआप सरकत खिडकीबाहेर जायचा.

संध्याकाळी सुनेने विचारलं, "आत्या, तुम्ही दिलात?"

मी म्हटलं, "हो."

"तुम्हाला तो आंधळा व्हायला हवाय."

"तो होणारच आहे. तू पीठ चाळून घे, त्यात काय काय पडलंय बघ."

असं आमचं चालायचं. तिचं खोटं नव्हतं आणि त्याचंही खोटं नव्हतं, आणि दोघांचं खरं धरूनही डोळे परत येणार नव्हते.

गाडी होत आली. अक्षरं झाली, दारावरचा आकडा झाला, मागच्या बाजूला कुठल्याशा बेकरीचं चित्र होतं तेही झालं, पावाच्या लादीसकट. पाव तर असा जमला होता की मी हसले. राहिला होता खालच्या अर्ध्या भागाचा रंग. वरची अर्धी गाडी पांढरी आणि खालची अर्धी निळ्या-हिरव्याच्या मधली. गटाचा जो प्रमुख होता त्याने सांगून ठेवलं होतं की रंगाचे आकडे देऊन उपयोग नाही, खेळातल्या उन्हात रंग वेगळा दिसतो, ज्याने त्याने फोटो समोर धरून डोळ्याने जुळवायचा. मिलमध्येही तसंच असतं. ट्यूबलाइटखाली एक दिसतं, बाहेर उन्हात दुसरं.

नेमका तोच रंग, जो याला दिसत नव्हता. गटाला त्याने डोळ्यांचं काही सांगितलं नव्हतं. सून म्हणाली होती, सांगून टाक, ते रंग भरून घेतील. तो म्हणाला, मग ते गाडीच काढून घेतील, आणि वर गोड बोलतील.

एका दुपारी त्याने खऱ्या गाडीचा मिळालेला फोटो फोनवर उघडला आणि माझ्यापुढे धरला. आम्ही घरात मराठीत अहिराणी मिसळून बोलतो.

"माय, खालना रंग कोनता शे?"

मी हात पुसले, फोन उजेडात नेला, बघितला. विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"रामा."

"पक्का रामा?"

"जलम गया मना साड्यासमा. रामा म्हणजे रामा."

त्याला एकदम बरं वाटलं. त्याच्याही डोक्यात रामा होता, इतकी वर्षं कॉम्प्युटरवर भरलेला. रंग कमीजास्त करायची कोणती पट्टी कुठे सरकवली की रामा होतो हे त्याला डोळे मिटून येत होतं. त्याने पट्ट्या सरकवल्या, प्रत्येक पट्टीचा आकडा बॉबिनएवढ्या नजरेने वाचत. मग मला विचारलं, झाला का रामा? मी टीव्हीकडे पाहिलं. मला हिरवट दिसला. पण आमच्या टीव्हीवर सगळंच हिरवट. मी नेहमीसारखा हिरवा वजा केला आणि म्हटलं, झाला. त्याने तो रंग तसाच ठेवला, गाडी गटाला पाठवली आणि जेवायला बसला. त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. सुनेला म्हणाला, सोमवारी संस्थेत जाऊ. तिने चटणीला तेल घातलं.

दोन दिवसांनी प्रमुखाचा निरोप आला. मुलाचा फोन असा होता की आलेला मजकूर मशीनच्या आवाजात वाचून दाखवायचा. इंग्रजी. तो पुन्हा पुन्हा ऐकत होता म्हणून मला वाटलं काही तरी लांबलचक आहे. लांबलचक नव्हतं. काम सफाईदार आहे, पावाचं चित्र फार छान, पण खालचा रंग हिरवा झालाय, खरी गाडी निळ्याकडे जाणारी होती. बघतो काय करायचं ते.

त्याने फोन खाली ठेवला आणि मला म्हणाला, "माय, तुझा रामा कोणता?"

म्हणजे काय, मी म्हटलं. रामा म्हणजे रामा.

"मोराच्या मानेसारखा, का पानाकडे जाणारा?"

"मोराच्या मानेसारखा. पानाकडे जाणाऱ्याला रामा कोण म्हणतं?"

"आम्ही," तो म्हणाला. "स्टुडिओत. मोराच्या मानेच्या रंगाला आम्ही मोरपंखी म्हणायचो."

आम्ही एका खोलीत राहणारी माणसं. एका ताटात जेवलेली. वर्षानुवर्षं हा त्याच्या रामा रंगाबद्दल बोलत होता, मी माझ्या रामा रंगाबद्दल बोलत होते, दोघंही मान हलवत होतो. त्याचा शेठ वेगळा, माझा ठेकेदार वेगळा, त्यांचे बाजार वेगळे. कधी एक साडी दोघांच्या मधे ठेवून बघायची वेळच आली नव्हती. सून कामावरून आल्यावर तिला विचारलं. ती चप्पल काढत म्हणाली, आमच्या गोडाऊनमध्ये दोघांनाही रामाच म्हणतात, शेठ ज्याच्यावर बोट ठेवेल तो.

मी हसले. तोही थोडा हसला. तसं पाहिलं तर हसण्यासारखंच होतं.

त्याने लगेच प्रमुखाला लिहिलं की मी आत्ता बदलून देतो, एक पट्टी सरकवायची आहे फक्त. बोलून लिहिलं, कारण टाइप करताना अक्षरं सुटायची. उत्तर आलं नाही. तिकडे रात्र असेल म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, संस्थेत जायचं होतं, तो म्हणाला आज नको. सून एकटीच कामाला गेली. दुपारपर्यंत तो फोन हातात धरून बसला. मी सांगितलं, रंग बदलून तर ठेव, मोरपंखी कर, तुला येतं की. त्याने केला. या वेळी मी हिरवा वजा केला नाही, फोटोही टीव्हीवरच उघडायला लावला आणि दोन्ही शेजारी बघून सांगितलं, जुळला. ती गाडी बरोबर झाली होती. ते मी छातीवर हात ठेवून सांगते. पण त्याच दुपारी तिकडे सगळ्या गाड्या बाहेर आल्या.

त्याने टीव्हीवर ती यादी उघडली. गाड्यांची चित्रं एकाखाली एक. खाली जात जात त्याची सापडली. पाव मला लांबूनच ओळखू आला. गाडी आमचीच, पांढरी आणि मोराच्या मानेच्या रंगाची. मी म्हटलं, हे बघ, आली तुझी, त्यांनीच रंग नीट करून घेतला.

तो म्हणाला, खाली नाव बघ.

नाव बारीक होतं आणि पांढऱ्यावर करड्या अक्षरात. तो टीव्हीला नाक लावून शोधत होता पण करडं त्याला पांढऱ्यातून निघत नव्हतं. मला दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. दोघांना मिळून एक माणूस पुरत नव्हता. तो म्हणाला, आकार सांग. मी जवळ गेले आणि सांगायला लागले. पहिलं अक्षर, दोन तिरक्या काठ्या वर एकत्र आल्यात, मधे आडवी. वर त्रिकोणासारखं.

तो म्हणाला, "त्रिकोण?"

"हो. मग एक उभी काठी, खाली आडवी."

"पुरे," तो म्हणाला. "माझ्या नावात त्रिकोण नाही."

काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने गाडी पाठवताना उघडी पाठवली होती, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तिच्यात फेरफार करता येईल अशी. गटातल्या दुसऱ्या एकाने ती घेतली, खालचा रंग बदलला आणि स्वतःच्या नावाने ठेवली. प्रमुखाने लिहिलं की आमचा नियम असा आहे, जो शेवटी पूर्ण करतो त्याचं नाव, तुमचं नाव आभाराच्या यादीत तळाला घातलं आहे, तुमचा निरोप आला तेव्हा मी झोपलो होतो. सभ्य माणसासारखं लिहिलं होतं.

सून भडकली. जिने रिमोट पिठात पुरला होता तीच. म्हणाली, चोर आहेत सगळे, लिही त्यांना, सगळं तू केलंयस, त्याने काय केलं, एक रंग बदलला. मला वाटलं तोही तापेल. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "आम्ही दुसरं काय करत होतो? रंग बदलला की डिझाइन नवीन." एवढंच. मग तिला म्हणाला, उद्या संस्थेत जाऊ.

गेले. रोज जायला लागले. सुरुवातीला ती सोडायला जायची, मग गल्लीतली रिक्षा ठरवली. काठी घेऊन चालायला शिकवलं, पण नवागामाच्या गल्ल्या काठीसाठी बांधलेल्या नाहीत. गटारावरची फरशी एक दिवस असते, एक दिवस नसते. दोनदा पडला, मग एकट्याने बाहेर जाणं सोडलं. संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या तेच झालं, यायला उशीर झाला होता. सून हे कधी बोलून दाखवत नाही. तिच्या न बोलण्यातून ते रोज ऐकू येतं.

उन्हाळा संपेपर्यंत बॉबिनएवढी होती ती नजरही गेली. आता उजेड आणि अंधार कळतो. सून गोडाऊनमधून साड्या घरी आणते आणि तो घड्या घालतो. काठाला काठ लावून, बोटांनी चाचपून. काम चांगलं करतो, संथ करतो. मी समोर बसून खडे चिकटवते. सुरुवातीला साडी हातात आली की रंग विचारायचा. मी सांगायची. मग विचारायचं सोडलं, मीही सांगायचं सोडलं. खेळाचं मशीन कॉटखाली आहे. विकायला काढलं होतं, पण फार जुनं आहे म्हणून कोणी नेलं नाही. लोक मला म्हणतात, देव एक दार लावतो तर दुसरं उघडतो. आमच्या खोलीला एकच दार आहे.

मागच्या महिन्यात त्या गटाच्या प्रमुखाचा निरोप आला. मुलाने फोनला वाचायला लावला आणि मग आम्हाला मराठीत सांगितलं. त्यांना आता पुढच्या सालच्या गाड्या करायच्या आहेत. मागच्या खेपेला जे झालं ते बरोबर झालं नाही असं त्या माणसाला वाटत होतं. यावेळी हवी ती गाडी घे, जिंकलेली घे, आणि नाव तुझंच राहील, रंगाला पाहिजे तेवढा वेळ घे. असं सगळं.

सून चुलीशी होती. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "आता तरी सांगून टाक त्यांना, दिसत नाही म्हणून. वाईट माणूस वाटत नाही तो."

त्याने हातातली घडी पूर्ण केली, वरून हात फिरवला आणि गठ्ठ्यावर ठेवली.

"नको," तो म्हणाला. "रागावलोय असं वाटू दे."

निरोपाला त्याने उत्तर दिलं नाही. पुढची साडी मागितली, मी काढून दिली.